मागून येणारी पावले

एखाद्या घराण्यात आजोबा फार मोठे होऊन गेले, की नातवाची पंचाईत होते. त्याने काही केले तर लोक म्हणतात, ‘आजोबांची सर नाही’. आणि काही न करावे तर म्हणतात, ‘घराण्याचे नाव बुडवले.’ पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात अशी पंचाईत योहान्नेस ब्राह्म्स या जर्मन संगीतकाराने वीसएक वर्षे सोसली. त्या सोसण्यातून निघाली ती त्याची पहिली सिंफनी. मी काही या संगीताचा पंडित नव्हे; मुलांना शिकवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा एक मॅट्रिक मास्तर. पण या सिंफनीची हकीकत मला एखाद्या कादंबरीहून कमी वाटत नाही, म्हणून ती वाचकांना सांगतो.

सिंफनी म्हणजे साऱ्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत लिहिलेली मोठी रचना. तिचे बहुधा चार भाग असतात. बेथोव्हेनने अशा नऊ सिंफन्या लिहिल्या. १८२४ साली झालेल्या नवव्या सिंफनीत तर त्याने वाद्यांच्या जोडीला गाणाऱ्यांचा मेळाच उभा केला. १८२७ साली तो वारला. पुढे जो कोणी सिंफनी लिहायला बसे, त्याची तुलना या नवांशी ठरलेलीच.

ब्राह्म्सचा जन्म १८३३ साली हॅम्बुर्ग शहरात झाला. बाप वाद्यवृंदात डबल बास वाजवून पोट भरणारा. वीस वर्षांचा असताना ब्राह्म्स डुसेलडॉर्फला रोबर्ट शूमान या थोर संगीतकाराच्या घरी गेला आणि आपल्या रचना त्याने पियानोवर वाजवून दाखवल्या. शूमान आणि त्याची पत्नी क्लारा, जी स्वतः नामांकित पियानोवादक होती, दोघेही थक्क झाली. १८५३ च्या ऑक्टोबरात शूमानने एका संगीतविषयक नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले, की ज्याची वाट पाहत होतो तो हाच; आता याने वाद्यवृंदाला हात घालावा. आशीर्वाद मोठा, पण वीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर त्याचे ओझेही तेवढेच. चारच महिन्यांनी, मनाचा तोल गेलेल्या शूमानने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. तो वाचला, पण १८५६ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. आशीर्वाद देणारा गेला. आशीर्वाद तेवढा मागे उरला.

ब्राह्म्सने सिंफनीचा यत्न केला. पण त्या साहित्यातून अखेर पियानोचा कॉन्चेर्टो निघाला आणि १८५९ साली लाइपझिगच्या श्रोत्यांनी त्याची हुर्यो केली. १८६२ साली त्याने सिंफनीचा पहिला भाग क्लाराला दाखवला. पुढे वर्षांमागून वर्षे गेली. दरम्यान त्याचे ‘जर्मन रेक्विएम’ गाजले, नाव झाले, पण सिंफनी काही येईना. हर्मान लेव्ही या मित्राला तो म्हणाल्याचे सांगतात, की मी सिंफनी कधीच लिहिणार नाही. मागून एका महाकाय पुरुषाची पावले सतत ऐकू येत असली म्हणजे काय वाटते, ते तुला कळायचे नाही.

अखेर ४ नोव्हेंबर १८७६ रोजी कार्ल्सरूहे येथे ऑटो डेसॉफच्या संचालनाखाली सिंफनी वाजली. ब्राह्म्स तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

आरंभीच टिंपनीवर, म्हणजे नगाऱ्याच्या जातीच्या तांब्याच्या वाद्यावर, एकाच स्वराचे ठोके पडू लागतात. त्या ठोक्यांवरून व्हायोलिने कष्टाने वर चढतात आणि फुंकवाद्ये खाली उतरतात. मला तर ती मागून येणारी पावलेच वाटतात. हा भाग ‘सी मायनर’मधला. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘सी’ हा षड्ज आणि गांधार कोमल. पुढचे दोन भाग षड्ज बदलून, विसावा घेत जातात. दुसऱ्याच्या शेवटी एकटे व्हायोलिन शिंगाच्या साथीने गाते.

चौथ्या भागात पुन्हा तोच षड्ज आणि तोच काळोख. तारा छेडत छेडत वाद्ये चाचपडतात, टिंपनी गडगडते, आणि एकदम गांधार शुद्ध होतो! शिंगावर एक रुंद, मोकळी धून उमटते. स्वित्झर्लंडचे गुराखी जे लांबलचक लाकडी शिंग फुंकतात, त्याची ही धून. १८६८ च्या सप्टेंबरात ब्राह्म्सने हीच धून क्लाराला वाढदिवसाची भेट म्हणून स्वित्झर्लंडहून लिहून पाठवली होती. आठ वर्षे ती त्याने जपून ठेवली. तिच्यामागून ट्रॉम्बोन हलक्या आवाजात प्रार्थनेसारखे चार स्वर काढतात, आणि मग व्हायोलिनांवर ती प्रसिद्ध चाल येते, जी ऐकताच बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची आठवण व्हावी. कोणी तसे म्हणालेही. ब्राह्म्सने उत्तर दिले म्हणतात, की ते तर कोणत्याही गाढवाला दिसेल! हान्स फॉन ब्यूलोने तर या सिंफनीला ‘दहावी’ म्हणून टाकले.

पण ही ‘दहावी’ नव्हे, असे मला वाटते. शेवटचे, सर्वांत उंच स्थान ब्राह्म्सने त्या बेथोव्हेनी चालीला दिलेले नाही. तिथे गर्जून येतात ते ट्रॉम्बोनचे तेच प्रार्थनेचे स्वर. आजोबांना त्याने भर सभेत नमस्कार केला आणि शेवटचा शब्द स्वतःचा उच्चारला. पहिलीला दोन दशके लागली; दुसरी सिंफनी त्याने पुढच्याच उन्हाळ्यात लिहिली आणि १८७७ च्या डिसेंबरात ती व्हिएन्नात वाजलीसुद्धा.

ही सिंफनी प्रत्यक्ष सभागृहात ऐकण्याचा योग आला, तर ट्रॉम्बोनवाल्या तिघांकडे लक्ष ठेवा. पहिले तीन भाग, जवळजवळ अर्धा तास, ती माणसे वाद्य घेऊन नुसती बसून असतात. त्यांना एकही स्वर दिलेला नाही. चौथ्या भागात ते वाद्य ओठांना लावतील, तेव्हा वीस वर्षे वाट पाहणे म्हणजे काय, ते कानांना कळेल.