नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, आरोग्याची खात्रीशीर माहिती कुठे शोधाल?

नर्सिंगला प्रवेश घेतला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जबाबदारी आपोआप येते. ‘हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचतो’ असा मेसेज येतो आणि खाली मावशी विचारते, ‘तू नर्सिंग शिकतेस ना, खरं आहे का गं हे?’ तुमचं उत्तर चुकलं तर कुणीतरी १०८ ला फोन करायचं सोडून खोकत बसेल. म्हणून खात्रीची माहिती कुठे मिळते, हे आधीच माहीत असायला हवं.

पुस्तक कोणत्या वर्षीचं आहे?

सीपीआरचंच उदाहरण घ्या. जुन्या पुस्तकांत आधी श्वासमार्ग, मग श्वास आणि शेवटी छातीवर दाब असा क्रम दिसतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये हा क्रम बदलून छातीवरचा दाब पहिला केला. २०१५ मध्ये मोठ्या माणसांसाठी दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२० असा ठरला. ओआरएसचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये त्यातलं सोडियम आणि ग्लुकोज कमी केलं. सिनियरकडून मिळालेलं पुस्तक वापरा, पण आधी आवृत्तीचं वर्ष बघा.

कोणत्या कामासाठी कुठे बघायचं?

- आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो: भारतातल्या नेहमीच्या आजारांवर कसे उपचार करावेत, याचे सुटसुटीत तक्ते. मोफत मिळतात.
- नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया: औषधाचा उपयोग, डोस आणि दुष्परिणाम यांसाठी. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ती काढतो.
- जागतिक आरोग्य संघटनेची फॅक्ट शीट: एखाद्या आजाराची थोडक्यात ओळख हवी असेल तर.
- मेडलाइनप्लस: सोप्या इंग्रजीत. रुग्णाला किंवा नातेवाइकांना समजावण्याची तयारी करताना उपयोगी.
- पबमेड: सेमिनार किंवा प्रोजेक्टसाठी संशोधन शोधायचं असेल तर. ‘फ्री फुल टेक्स्ट’ हा फिल्टर लावला की पूर्ण वाचता येतील असेच लेख समोर येतात. ‘सिस्टमॅटिक रिव्ह्यू’ निवडलं तर एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा मिळतो.

पबमेडवर आहे, म्हणजे खरंच असेल?

नाही. पबमेड ही संशोधनाची सूची आहे, खरेपणाचं प्रमाणपत्र नाही. एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’सारख्या नामांकित नियतकालिकात आला होता. तो फक्त १२ मुलांवर आधारलेला होता. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, तरी त्यातून पसरलेली भीती आजही मेसेजमधून फिरते. म्हणून लेख मागे घेतला आहे का, किती रुग्णांवर अभ्यास झाला आणि इतरांनाही तोच निष्कर्ष मिळाला का, हे बघा.

तीन प्रश्न विचारा

रील असो, वेबसाइट असो की एआयने दिलेलं उत्तर:

१. ही माहिती कोण देतंय? त्यांना काही विकायचं आहे का?
२. ती कधीची आहे?
३. मूळ आधार दिला आहे का? तो उघडून बघितला का?

तिन्हींची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर फॉरवर्ड करू नका.

वॉर्डमध्ये मात्र

मोबाइलवर वाचून डोस ठरवायचा नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि हॉस्पिटलचा प्रोटोकॉल बघायचा. शंका आली तर औषध देण्याआधी सिस्टरला किंवा ट्यूटरला विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारता दिलेलं औषध रुग्णाला महागात पडू शकतं.

आणि मावशीला काय सांगाल? खोकून हार्ट अटॅक थांबत नाही. छातीत दुखत असेल तर लगेच १०८ ला फोन करायचा. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला कळवून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. एवढं लिहून त्याच ग्रुपवर टाका.