सोबतीचा शोध : मद्यमुक्तीच्या इतिहासातील चेन्नई

गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, आणि तेही महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास. त्या नाटकातील ‘आर्यमदिरामंडळ’ वाचकांस आठवत असेलच. पिणाऱ्यांचे मंडळ आपल्याकडे नाटककारास सहज सुचले. परंतु पिणे सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसावे, ही कल्पना त्या काळच्या समाजात कोठे दिसत नाही. सुधाकराला सिंधूसारखी पत्नी लाभली, उपदेश करणारे स्नेही लाभले. परंतु त्याच वाटेने जाऊन परत आलेल्या मनुष्याची सोबत ही वेगळीच गोष्ट. असा मनुष्य कोठे भेटतो, या प्रश्नाचा इतिहास आपण राहतो त्या चेन्नई शहराशी बराच निगडित आहे.

या प्रश्नावर पहिला उपाय योजला गेला तो कायद्याचा. राजाजी मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. अबकारीचे उत्पन्न बुडाले, ते भरून काढण्याच्या खटपटीत १९३९ साली विक्रीकर आला. १९४८ मध्ये बंदी साऱ्या प्रांतास लागू झाली. पुढे १९७१ साली ती उठली, १९७४ मध्ये पुन्हा आली. १९८३ मध्ये मद्यविक्रीसाठी सरकारी महामंडळ निघाले आणि २००३ पासून किरकोळ दुकानेही त्याच्याच हाती गेली. विक्रीकर टिकला आणि दारूचे उत्पन्नही परत आले! कायद्याने कित्येक गरिबांच्या घरी चूल पेटती राहिली असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या देहालाच मद्याची मागणी जडली आहे, त्याच्याशी बोलण्याचे काम कायदा करू शकत नाही.

ते काम दुसऱ्याच दिशेने सुरू झाले. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी सहा मद्यप्यांनी एकमेकांस आधार देण्याची शपथ घेतली. त्यांच्या चळवळीत सहस्रावधी लोक आले. परंतु ती सार्वजनिक वादांत गुंतली आणि काही वर्षांतच विस्कटली. पुढे १९३५ साली ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातला मनुष्य व्यवहारात अपयश येऊन एकाकी पडला. पुन्हा प्याला उचलावा असा मोह होताच त्याने दुसऱ्या मद्यप्याचा शोध घेतला. भेटले ते डॉ. रॉबर्ट स्मिथ. त्यांना सुधारण्यासाठी नव्हे, तर स्वतः सावरावे म्हणून विल्सन त्यांच्याशी बोलला. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा उगम या भेटीत आहे. राजकारण व वाद यांपासून दूर राहावे, बाहेरचा पैसा घेऊ नये, नावे उघड करू नयेत, हे दंडक या संघाने १९५० साली स्वीकारले. जेथे दारूबंदीचा अंमल होता त्याच मुंबईत १९५७ साली हा संघ रुजू लागला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

चेन्नईतील कथा एका घरातून सुरू होते. माजी केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे नातू टी. टी. रंगनाथन मद्यासक्तीने १९७९ साली तरुण वयात वारले. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी शोकास बाजूस सारून या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९८० साली पतीच्या नावे उपचारसंस्था काढली. मद्यासक्ती हा दुराचार नसून आजार आहे आणि तो साऱ्या कुटुंबाचा आजार आहे, या भूमिकेवर ही संस्था उभी राहिली. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साह्याने, ‘मुक्तांगण’ उभारले, तेही याच विचाराचे.

आता प्रश्न उरतो सभेच्या निवडीचा. पुष्कळ वर्षे पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून प्रथम वैद्य गाठावा. सभेस प्रवेशमूल्य नाही. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेस आप्तही जाऊ शकतात, बंद सभा केवळ पीडितांची असते. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ हा वेगळा संघ आहे. चेन्नईत सभा तमिळमध्ये भरतात तशा इंग्रजीतही. तंजावरच्या परंपरेतील मराठी घरांना तमिळ परकी नाही. नोकरीनिमित्त नुकत्याच आलेल्यास मात्र ती अडते. त्याने इंग्रजी सभा निवडावी. कारण लाजेची गोष्ट सांगावयाची तर शब्द हाताशी हवेत. एक सभा रुचली नाही म्हणून मार्गच सोडू नये. चार ठिकाणी बसून पाहावे. जेथे उपदेश कमी आणि अनुभव अधिक ऐकू येतो, जेथे पुन्हा घसरलेल्यासही खुर्ची दिली जाते, ती आपली सभा समजावी.

परप्रांतात आपण मराठी माणसे गणेशोत्सवास जमतो, नाटके बसवितो, एकमेकांची सुखदुःखे विचारतो. मात्र एखाद्या घरी हे दुःख असले की दार लोटले जाते आणि आपणही ते ठोठावीत नाही. त्या घरातल्या माणसास पहिल्या सभेच्या दारापर्यंत सोबत करणे, आणि त्याविषयी बाहेर एक शब्दही न बोलणे, एवढे तर आपणास करता येईल.