थोरल्या काकांची चोपडी आणि वैद्यकीचा परवाना



गेल्या पावसाळ्याआधी मुळगावच्या घराचा माळा साफ करायला काढला. तांब्याच्या हंड्यामागे लाल कापडात गुंडाळलेली एक चोपडी मिळाली. ती माझ्या थोरल्या काकांची. काका वैद्य होते, पण दवाखाना मांडून बसणारे नव्हेत. खांद्याला पिशवी, हातात छत्री आणि पायी फेरी. अस्नोडा, पीर्ण, मयें, साळ, आणि साळहून पुढे दोडामार्गाकडची गावे. त्या चोपडीने माझी एक जुनी चूक पुन्हा समोर आणली. ती सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे काकांचा प्रश्न काय होता ते कळेल.

वैद्याला सरकारी परवाना लागतो ही गोष्ट आपण अलीकडची समजतो. गोव्यात ती चारशे वर्षांची आहे. पोर्तुगीज डॉक्टर गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला. त्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात मालूपा नावाच्या इथल्या हिंदू वैद्याचा उल्लेख आहे. पटकीच्या रोगाला इथले लोक काय म्हणतात तेही त्याने नोंदवले. आपला ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाला आणि तसाच युरोपात गेला. म्हणजे रोगाचे नावसुद्धा त्यांनी आपल्याकडून घेतले.

पण १५६७ साली गोव्यातल्या धर्मपरिषदेने ठरवले की ख्रिस्ती माणसाने हिंदू वैद्याकडून उपचार घेऊ नयेत. कागदावर ठरले खरे, पण ताप काही कागद वाचून येत नाही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन लिहून गेला आहे की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातले पाद्रीसुद्धा स्वतःच्या देशबांधवांपेक्षा या हिंदू वैद्यांवरच जास्त भरवसा ठेवत. या वैद्यांच्या डोक्यावर छत्री धरली जाई. तो मान इतर हिंदूंपैकी फक्त वकिलातीच्या माणसांना आणि काही बड्या व्यापाऱ्यांनाच होता.

बंदी चालत नाही म्हटल्यावर परवाना आला. १६१८ साली गोवा शहराच्या नगरसभेने नियम केला: राज्याच्या मुख्य वैद्याने, म्हणजे ‘फिजिको-मोर’ने, परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही, आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. बँकेतल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. जे बंद करता येत नाही त्याला मर्यादा घालायची आणि रजिस्टरमध्ये चढवायचे.

या ओढाताणीच्या काळात गोव्याबाहेर गेलेल्या आपल्या लोकांची विद्या कुठवर पोचली पाहा. कोचीनच्या डच गव्हर्नरने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला. पहिला खंड १६७८ साली ॲमस्टरडॅमला निघाला. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, नागरी लिपीत, त्या ग्रंथात छापलेले आहे. इथे वैद्यांनी परवाना मागायचा, आणि तिथे वैद्यांनीच ग्रंथाला प्रमाणपत्र द्यायचे!

हे सगळे जुन्या काबिजादीत. आमची डिचोली पोर्तुगीजांकडे गेली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली. पुढे १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा निघाली, तेच आजच्या बांबोळीच्या गोमेकॉचे मूळ. तिथून शिकलेले डॉक्टर शहरांत बसले. केळबाईच्या मुळगावात, डोंगराच्या आड, शेताच्या बांधावर मात्र चालत येणारा वैद्यच माहीत होता.

काकांच्या फेरीला दोन राज्ये लागत. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे सावंतवाडी संस्थान. १९५५ साली सीमा बंद झाली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. घरात बोलणे चाले ते आठवते. पलीकडची माणसे निरोप पाठवीत आणि काका नुसते ओसरीवर बसून कुड्याची साल कुटीत राहत. १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात ते साळमार्गे पलीकडे गेले. आठ दिवसांनी परतले ते दोन फणस घेऊन.

मग आला १९७० चा भारतीय वैद्यकाचा केंद्रीय कायदा. यापुढे नोंदणी नसलेल्याने वैद्यकी करू नये असा त्याचा रोख. पण जुन्यांसाठी एक वाट ठेवली होती: ज्या राज्यात वैद्यांची नोंदवही नाही तिथे कायदा लागू होताना जो पाच वर्षे वैद्यकी करीत आला आहे, त्याचा हक्क राहील. मी तेव्हा बी.कॉम. होऊन बँकेत नवा लागलेलो. काकांचे काम आपण करून टाकू अशी घमेंड होती.

पुरावा म्हणून हीच चोपडी काढली. तारखा फारशा नव्हत्या. पण नाण्यांवरून काळ लागला. आधीच्या पानांवर पोर्तुगीज रुपये आणि तांगे, १९५९ पासून एस्कुदो, मुक्तीनंतर आपले रुपये-पैसे. मधे मधे ‘एक कुडव भात’, ‘नारळ ५’, ‘काही नाही’. हे ‘काही नाही’ खूप ठिकाणी होते. अर्ज लिहिला. त्यात एक रकाना होता, व्यवसायाचे ठिकाण. मी लिहिले ‘मुळगाव’.

काकांनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, “आनी हो पत्तो खंयचो बरयला रे?” मी म्हटले, आपल्या घराचा. ते म्हणाले, मुळगावात मी वैद्यकी केलीच किती? इथली माणसे डिचोलीला जातात. माझे काम बाहेरगावी. आणि माझ्या हातातले पेन घेऊन ‘मुळगाव’ खोडले आणि त्या बोटभर रकान्यात सात गावांची नावे कोंबली.

मी चिडलो. खाडाखोड केलेला चेक आम्ही परत करतो, तसा हा अर्ज परत येईल म्हटले. “नवीन आणतो, पण एकच गाव लिहायचे,” असे जरा चढ्या आवाजातच बोललो. ते काही बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात माझी बदलीची ऑर्डर आली. नवीन अर्ज आणायचा राहून गेला. सुट्टीत आलो की विषय निघायचा नाही, मीही काढला नाही. काकांनी लांबची फेरी सोडली. कोणी विचारले तर म्हणत, “कागद ना रे म्हजेकडेन.” दोन वर्षांनी ते गेले.

परवानाच नको असे मी म्हणणार नाही. जत्रेत कसल्या कसल्या पुड्या विकणाऱ्यांवर काकांइतका संतापणारा माणूस मी पाहिला नाही. सही आणि शिक्का कशासाठी असतो हे चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पुरते शिकलो. पण त्या अर्जावर खरे काकांनी लिहिले होते आणि सोयीचे मी. पाठीमागे पुरवणी जोडून सात गावे लिहिता आली असती. इतकी साधी गोष्ट, पुढे कर्जाच्या अर्जांना मी शेकडो वेळा केली.

आज दोडामार्ग-सावंतवाडीचे रुग्ण पहाटेच्या गाडीने बांबोळीला येतात. पूर्वी वैद्य चालत जायचा, आता रोगी प्रवास करतो.

चोपडी मी पुन्हा लाल कापडात बांधून ठेवली आहे, आता माळ्यावर नाही, कपाटात. डिचोली-पेडण्याकडच्या तुमच्या घरी अशी एखादी वही असेल तर रद्दीत घालू नका. आणि साळ-पीर्णकडच्या कोणाच्या आजीला मुळगावचा छत्रीवाला वैद्य आठवत असेल, तर जरूर कळवा.