अध्यक्ष पोल्क ह्याची रोजनिशी : ता. ९ मे १८४६ ची नोंद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अकरावा अध्यक्ष जेम्स नॉक्स पोल्क (१७९५-१८४९) ह्यानें एकच कारकीर्द केली. १८४४ सालीं उमेदवारी स्वीकारतांनाच आपण पुन्हां उभे राहणार नाहीं असें त्यानें लिहून दिलें होतें, व तें पाळलें. त्याच्या चार वर्षांत त्या राष्ट्राची सीमा पॅसिफिक महासागरास भिडली. तथापि साधनसंग्राहकांस त्याचें महत्त्व वाटावें तें निराळ्या कारणानें. ता. २६ ऑगस्ट १८४५ पासून तहत मृत्यूच्या सुमारापर्यंत त्यानें स्वहस्तें रोजनिशी लिहिली. ती विधवा सारा पोल्क हिनें पतीच्या इतर कागदांबरोबर जतन केली, व शिकागो येथील इतिहासमंडळानें क्वेफ ह्याच्याकडून संपादून १९१० सालीं चार खंडांत छापविली.

पोल्कनें आरंभींच चार संकल्प सोडले होते, ते असे : जकात उतरविणें, सरकारी खजिना खासगी पेढ्यांपासून अलग करणें, ऑरेगॉनचा तंटा मिटविणें व कॅलिफोर्निया मिळविणें. ही गोष्ट सर्व ग्रंथकार सांगतात. परंतु तिचा मूळ आधार म्हणजे त्याचा नौकामंत्री जॉर्ज बँक्रॉफ्ट ह्यानें सुमारें चाळीस वर्षांनंतर सांगितलेली आठवण. चारहि कार्यें सिद्धीस गेल्यावर निघालेली ही हकीकत बखरीच्या जातीची मानावी, असें आमचें मत आहे. रोजनिशीची गोष्ट वेगळी. ती त्या त्या वेळची आहे.

आतां प्रस्तुत नोंदीकडे वळूं. कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिको विकत घेण्यासाठीं पाठविलेल्या स्लायडेल वकिलास मेक्सिकोनें भेटहि दिली नव्हती. जानेवारी १८४६ मध्यें जनरल टेलरास रिओ ग्रांदे नदीपर्यंत पुढें सरकण्याचा हुकूम गेला. टेक्ससची सीमा ती नदी, कीं उत्तरेकडील न्यूएसेस, हाच मूळ वाद होता. शनिवार ता. ९ मे रोजीं मंत्रिमंडळ बसलें. युद्धास पुरेसें कारण आहे, मंगळवारीं कांग्रेसकडे तसा निरोप धाडावा, असें अध्यक्षानें मांडलें. एकट्या बँक्रॉफ्टनें विरोध केला. परराष्ट्रमंत्री ब्यूकॅनन ह्यानें संमति दिली, पण मेक्सिकनांकडून कांहीं आगळीक घडली असती तर आपलें अधिक समाधान झालें असतें, असेंहि म्हटलें. दोनच्या सुमारास बैठक उठली. संध्याकाळीं सहाच्या सुमारास टेलरचा लखोटा आला : मेक्सिकन फौज नदी उतरून आली असून तिनें अमेरिकन स्वारांच्या तुकडीवर हल्ला केला आहे. साडेसातास मंत्री पुन्हां जमले. आतां कोणाचाच विरोध उरला नाहीं, व निरोप एक दिवस अलीकडे, सोमवारींच गेला.

सोमवारच्या त्या निरोपांत अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलें, हेंच वाक्य लोकांच्या मनांत भरलें. प्रतिनिधिसभेनें त्याच दिवशीं १७४ विरुद्ध १४ मतांनीं युद्धास मान्यता दिली, व ता. १३ रोजीं युद्ध जाहीर झालें. भूमि कोणाची हा प्रश्न पुढें डिसेंबर १८४७ मध्यें अब्राहम लिंकन नांवाच्या नवख्या सभासदानें विचारला. ही नोंद त्याच्या हातीं असती तर त्यानें तिचें काय केलें असतें, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

एवढ्यावरून निरोप खोटा ठरविणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. हल्ला झाला होता, आणि वकिलाचा अव्हेर व थकलेले दावे हींहि कारणें निरोपांत स्पष्ट लिहिलेलीं आहेत. रोजनिशीमुळें पालटतो तो कारण व निमित्त ह्यांचा अनुक्रम. ता. १३ ची नोंद हेंच सुचविते. मेक्सिकोचा मुलूख घेण्याचा आमचा हेतु नाहीं असें परदेशीं कळवावें, हा ब्यूकॅननचा मसुदा पोल्कनें तेथल्या तेथें बदलविला.

इंग्रजांशीं मात्र तो मवाळ झाला. पक्षानें सबंध ऑरेगॉन मागितला असतां त्यानें एकुणपन्नासाव्या अक्षांशाची तोड सीनेटच्या सल्ल्याची ढाल पुढें करून पत्करली, व ता. १५ जून १८४६ रोजीं तह झाला. एके काळीं तडजोडीचा पुरस्कार करणारा ब्यूकॅनन आतां ताठर झाला. पुढच्या अध्यक्षपदाची आशा हेंच त्याचें कारण, असा पोल्कचा ग्रह रोजनिशींत पानोपानीं दिसतो. तो एका पक्षाचा साक्षीदार आहे हें विसरूं नये.

घरच्या राजकारणांत त्याची दृष्टि अधिकच अधू दिसते. ऑगस्ट १८४६ मध्यें विल्मट ह्यानें मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशांत गुलामगिरी नसावी अशी उपसूचना आणली. मेक्सिकोशीं तह करण्याचा व गुलामगिरीचा संबंध काय, हें पोल्कला उमगेना. परंतु त्याच्या खासगी पत्रांवरून सिद्ध झालें आहे कीं, अध्यक्ष असतांनाच तो मध्यस्थांमार्फत मिसिसिपींतील आपल्या मळ्यासाठीं गुलाम विकत घेत होता, व तें बाहेर फुटूं नये अशी दक्षता घेत होता. म्हणून रोजनिशी पत्रांशीं ताडून वाचल्यावांचून चालणार नाहीं.

ता. ९ च्या बैठकींत एकटा पडलेला बँक्रॉफ्ट हा नामांकित इतिहासकार होता. मूळ प्रत छापून निघण्याच्या कित्येक वर्षें आधीं त्यानें ह्या रोजनिशीची टंकलिखित नक्कल करविली. ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आली आहे. ता. ९ च्या नोंदींत त्याचा स्वतःचा विरोध पोल्कच्या शब्दांत नोंदलेला आहे.