माळकऱ्याच्या पोटातले खडे

माझा मावसभाऊ चोपडा तालुक्यातला. घर माळकरी; आषाढीची वारी ठरलेली, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. सोळाव्या वर्षापासून त्याचे पोट दुखायचे. बेंबीच्या वर सुरू झालेली कळ पाठीत आरपार जायची आणि तो गुडघे पोटाशी घेऊन रात्ररात्र ओट्यावर बसून राहायचा, कारण आडवे पडले की कळ वाढे. बिब्बा घालून झाला, नवस झाले. १९९१ साली धुळ्यात क्ष-किरण फोटो काढला तेव्हा मणक्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसले. स्वादुपिंडात खडे झाले होते. केसपेपरवर निदानापुढे कुणीतरी इंग्रजीत 'मद्यपानामुळे' असा शेरा मारला. त्याला किंवा मावशीला तसे कुणी विचारलेही नव्हते. तो शेरा सोयऱ्यांच्या वाचनात आला आणि ठरलेले लग्न मोडले.

"आपल्या घरात दारूचा थेंब नाही, मग पोराच्या पोटात हे दगड आले कुठून रे भाऊ?" असे मावशीने मला विचारले. घरात पुस्तके वाचणारा मी एकटा, म्हणून मला. मी डॉक्टर नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद चाळता चाळता वाचायला शिकलेला माणूस आहे. जुना कागद हाती आला की पहिला प्रश्न असतो, हे लिहिणाऱ्याला कसे कळले? तोच प्रश्न मी या केसपेपरला लावला. उत्तर शोधण्यात तीस वर्षे गेली.

शेऱ्याचे मूळ युरोप-अमेरिकेत आहे. १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे पहिले नीट वर्णन केले. १८९६ मध्ये प्रागच्या हान्स किआरी यांनी सांगितले की या रोगात ग्रंथी स्वतःच्याच पाचकरसाने स्वतःला पचवू लागते. १९०१ मध्ये युजीन ओपी यांना एका मृत रुग्णात पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकलेला सापडला. तीव्र दाहात पित्तखडे आणि दारू, दीर्घ दाहात मुख्यतः दारू, असे कोष्टक पुढे पाठ्यपुस्तकांत बसले. ते खोटे नाही. दारू हे आजही मोठे कारण आहे, आपल्याकडेही. पण ते कोष्टक तिकडच्या मध्यमवयीन पिणाऱ्या पुरुषांवरून तयार झाले होते, आणि आपल्या डॉक्टरांनी ते खानदेशातल्या सोळा वर्षांच्या पोरालाही लावले.

वेगळा रोगी नोंदवला गेला १९५९ साली. झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या गरीब, कुपोषित रुग्णांच्या स्वादुपिंडात खडे आणि सोबत मधुमेह असल्याचे लिहिले. त्याच सुमारास केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांना असे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले होते. तरुण, हडकुळे, दारू न पिणारे. त्यांचे 'पँक्रिॲटिक डायबेटिस' हे पुस्तक १९६८ साली निघाले, आणि ते छापले मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने. मराठी कविता-कादंबऱ्यांसाठी आपण ज्यांना ओळखतो तेच हे पॉप्युलर. मावसभावाच्या केसपेपरवर शेरा पडण्याच्या तेवीस वर्षे आधी, दारूविना असे खडे होतात हे मुंबईत छापून झाले होते.

मग कारण काय? केरळात बोट गेले कसाव्याकडे, म्हणजे टॅपिओकाच्या कंदाकडे. त्रावणकोरात हा कंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजाश्रयाने पसरला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्यावर गरिबांचे मुख्य अन्न झाला. त्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. १९७९ मध्ये मॅकमिलन आणि गीवर्गीस यांनी कुपोषण व या सायनाइडचा संबंध जोडून दाखवला. कल्पना आकर्षक होती, पण ती आमच्याकडे लागू पडेना. खानदेशात जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी. कसाव्याशी आमचा संबंध एकादशीच्या साबुदाण्यापुरता, आणि तो तर कंदातून धुऊन काढलेला स्टार्च. उपवासाच्या खिचडीने खडे झाले असते तर निम्मी वारी दवाखान्यात दिसली असती.

महाराष्ट्रातले काम मला फार उशिरा सापडले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. शेळगीकर हे याच रोगाच्या मागे होते. त्यांचा एक निबंध १९९० साली 'डायबेटॉलॉजिया'मध्ये आला, दुसरा १९९३ साली 'डायबेटिस केअर'मध्ये. ग्रंथीचे पाचकरस करणारे अंग आणि इन्शुलिन करणारे अंग त्यांनी एकाच रुग्णात मोजून पाहिले. पुण्यात कसावा हे रोजचे अन्न नाही, रोग मात्र आहे. मावसभावाचा फोटो निघाला ते साल या दोन निबंधांच्या मधले. पुणे काही परदेशात नाही, पण तिथला कागद धुळ्याच्या टेबलावर पोहोचायला किती वर्षे लागतात ते मी पाहिले आहे.

यानंतर जनुकांचा काळ आला. पाचकरसातले ट्रिप्सिन ग्रंथीत झोपलेल्या अवस्थेत तयार होते आणि आतड्यात गेल्यावर जागे होते. ते वाटेतच जागे झाले तर त्याला आवरायला स्पिंक-१ नावाचे प्रथिन असते. २००२ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीचे गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी दाखवले की खड्यांच्या या रोगात चाळीसएक टक्के रुग्णांच्या स्पिंक-१ जनुकात एक ठरावीक बदल आहे. किआरींचे 'स्वतःला पचवणे' इथे शंभर वर्षांनी जनुकापर्यंत पोहोचले. पण तोच बदल सुमारे दोन टक्के निरोगी माणसांतही सापडतो, आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. दारू आणि कंद मागे पडले, आता दोष रक्ताचा. मावशीला हे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. मला नंतर लक्षात आले, तिने ते स्वतःवर घेतले होते.

मायक्रोआरएनएची गोष्ट इथे येते. मूळ सनद दप्तरखान्यात राहते, अंमलदाराकडे तिची नक्कल जाते, जनुकाचेही तसेच. मायक्रोआरएनए हा जेमतेम बावीस अक्षरांचा रेणू त्या नकलेला चिकटतो आणि तिचा अंमल रोखतो. सनद बदलत नाही. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना तो एक मिलीमीटरच्या कृमीत सापडला. सात वर्षे ती कृमीचीच लहर समजली गेली. २००० साली दुसरा रेणू मिळाला, तो माणसातही होता. दोघांना २०२४ चे नोबेल मिळाले.

दाहात हे रेणू काय करतात? क्रमांक १५५ चा रेणू दाहाच्या वेळी संरक्षक पेशींत वाढतो आणि दाह आवरणाऱ्या एका प्रथिनाची नक्कल अडवतो, म्हणजे ब्रेकवरचाच पाय काढतो. क्रमांक २१ चा रेणू काढून टाकलेल्या उंदरांत स्वादुपिंडाच्या पेशी कमी मरतात. क्रमांक २९ तंतुमय जाळे वाढू देत नाही. तो घटला की ग्रंथी घट्ट आणि निकामी होत जाते. आणि क्रमांक २१६ मुख्यतः स्वादुपिंडातच असतो, त्यामुळे तो रक्तात दिसला की तिथल्या पेशी फुटल्याचे कळते. २०१० साली उंदरांत हे दाखवले गेले. बरेचसे काम अजून प्राण्यांवरचे आहे. दवाखान्यात आजही अमायलेज आणि लायपेजच तपासतात.

यातही पुणे आहेच. २००७ साली राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या मुग्धा जोगळेकर, आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या स्वादुपिंडाचा भाग कापून उरलेला पुन्हा वाढताना पाहिला. गर्भात इन्शुलिनच्या पेशी घडवायला लागणाऱ्या एका जनुकाची नक्कल तिथे निघत होती, पण प्रथिन बनत नव्हते. चार मायक्रोआरएनए वाढून ती नक्कल रोखत होते. त्यांना अडवले तेव्हा ते प्रथिन असलेल्या पेशी वाढल्या. हा प्रयोग दाहावरचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही चोविसाव्या वर्षी इन्शुलिनवर गेलेल्या माणसाच्या भावाने तो कसा वाचला असेल, ते सांगत नाही.

माझे मत असे झाले आहे की एकच दोषी शोधण्याची सवय या रोगाने मोडायला हवी होती, ती मोडली नाही. जनुक सारखे असून एक आजारी आणि दुसरा धडधाकट का, याचे उत्तर नकला कोण, केव्हा रोखतो यात काही अंशी असू शकते, आणि त्या रोखण्यावर अन्न, जंतू, आधीचा दाह अशा पुष्कळ गोष्टींचा परिणाम होतो. मावशीला मी एवढेच सांगितले की तिच्या रक्तातून आलेली गोष्ट असलीच, तरी ती एकटी पुरेशी नव्हती.

मावसभाऊ २०१२ साली स्वादुपिंडाच्याच कर्करोगाने गेला. खड्यांच्या या रोगात तो धोका बराच वाढतो. दहाव्याला नदीवर कुणीतरी म्हणालेच, "शेवटी पिण्यानंच गेला." मावशीने ऐकले.

पुढे मी त्या रुग्णालयाकडे नोंद दुरुस्त करून मिळावी म्हणून अर्ज केला. मुदत संपल्यामुळे मूळ कागदपत्रे नियमानुसार नष्ट केली आहेत, असे उत्तर आले. शेऱ्यासकट केसपेपरची एक प्रत मावशीच्या ट्रंकेत आहे.