मुरुडचा राजवाडा आणि घराचे दोन भाग

‘मुरुडचा राजवाडा’ असे म्हटले की आमच्या गावचा माणूस हसतो. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडात राजवाडा कुठला? तो आहे कोकणातल्या मुरुडला, जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा. परंतु नावाची ओळख निघाली, म्हणून आम्ही त्या घराचा शोध घेतला आणि आमच्याच वाड्यांपाशी येऊन पोहोचलो.

समुद्राकाठच्या टेकडीवर १८८५ साली हा राजवाडा उभा राहिला. त्याच्या बांधणीत मोगली आणि युरोपी गॉथिक अशी दोन्ही वळणे आहेत. धनी होते नवाब सिद्दी अहमदखान. त्यांच्या बेगम नाझली यांचा जन्म मात्र १८७४ साली इस्तंबूलला झालेला. वडील तेथे व्यापारी होते.

उस्मानी तुर्कांच्या मोठ्या घराचे दोन भाग असत. सेलामलिक पुरुषांचा आणि पाहुण्यांचा, हरेमलिक बायकामुलांचा. खिडकीला लाकडी जाळी असे. आतून रस्ता दिसे, रस्त्यावरून आतले माणूस दिसत नसे. बैठकीच्या दालनाला ते ‘दिवाणहाने’ म्हणत. आपला दिवाणखाना तो हाच. फारसीतला शब्द दोन्हीकडे रुजला.

शब्दच काय, रीतही तीच. मराठवाड्यातल्या वाड्यात पुढे ढाळज, मग सदर, मागे माजघर. ढाळजेत कोणी बसावे, माजघरातून कोणी बाहेर येऊ नये आणि दाराबाहेरच कोणी उभे राहावे, हे भिंतींनीच ठरवून टाकलेले. आम्ही कामगारांच्या संघटनेतली माणसे. इमारत पाहिली की नक्षीआधी हेच आमच्या डोळ्यांत भरते.

नाझली बेगम जाळीआड बसून राहिल्या नाहीत. १९०८ साली त्या नवाब आणि धाकटी बहीण आतिया यांच्यासह युरोपात गेल्या, इस्तंबूलही पाहिले, आणि त्या प्रवासाचे पुस्तक उर्दूत लिहिले. पुढे १९१३ साली विवाह मोडला. राजवाडा नवाबांकडे राहिला. पुस्तक बेगमांच्या नावावर राहिले. संस्थानही १९४८ साली विलीन झाले.

आपल्याकडचे वाडे आता पडत आहेत. ते पडण्याआधी त्यांचे माप कागदावर उतरवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला एवढेच विचारा: आजी, तुम्हांला कोणत्या उंबरठ्यापर्यंत येता येत होते? तेही त्याच कागदावर लिहून ठेवा.