कात्रीपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत

नागपूरच्या उत्तरेला साधारण वीस किलोमीटरवर, सावनेर तालुक्यात, खापरखेडा आहे. औष्णिक वीजकेंद्राचे गाव. २१० मेगावॉटचे चार संच आणि २०११ सालचा ५०० मेगावॉटचा एक, असे मिळून १३४० मेगावॉटचे हे केंद्र. चिमणी म्हटले की इथल्या मुलांना पक्ष्याआधी धुराडे आठवते.

या गावात आम्ही काही शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांबरोबर छोट्या छोट्या चित्रफिती करायला घेतल्या. मुगाला मोड कसे येतात, कोळशाच्या राखेपासून विटा कशा होतात, केंद्राच्या बुटक्या, रुंद मनोऱ्यांतून निघतो तो धूर की वाफ, असे विषय. चित्रण फोनवर झाले आणि ते बरे झाले. अडले ते संकलनापाशी. शाळेच्या संगणकावर फीत लावली की आवाज पुढे पळायचा आणि चित्र मागे अडखळत राहायचे. कुठे कापावे ते दिसेचना. तेव्हा एक लॅपटॉप घ्यायचा ठरला. आम्ही आणि काही माजी विद्यार्थ्यांनी मिळून पैसे जमवले. नागपूरला बर्डीवर गेलो, तर दुकानदार म्हणाला, "सर, व्हिडिओचं काम आहे ना? मग गेमिंगवालाच घेऊन टाका. ग्राफिक्स मोठं असलं की सगळं चालते." किंमत ऐकली. ती आमच्या पैशांच्या जवळजवळ दीडपट होती.

परत येऊन वर्गात हे सांगितले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, कापायलाच तर पाहिजे न? मग त्याला ग्राफिक्स कशाला लागते?" प्रश्न सरळ होता आणि आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. ते शोधताना आम्ही थेट १९१२ सालापर्यंत मागे गेलो.

त्या साली दादासाहेब फाळक्यांपुढेही हाच पेच होता : थोड्या पैशांत कोणते यंत्र घ्यावे? विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना जाऊन भेटले. कॅबोर्न यांनी आधी त्यांना या नादापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. हा धंदा इंग्लंडमध्येच नीट चालत नाही आणि हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणार नाही, असे त्यांचे म्हणणे. (हवेचा हा मुद्दा लक्षात असू द्यावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.) पण समोरच्या माणसाची जिद्द पाहून त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपल्या स्टुडिओचे सगळे विभाग फाळक्यांना फिरून पाहू दिले. या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्रही मागवले. १ एप्रिल १९१२ रोजी ते मायदेशी परतले.

म्हणजे आधी सगळे काम कसे चालते ते पाहिले आणि मग पैसे काढले. आम्ही नेमके उलटे केले होते.

कॅमेरा आल्यावर फाळक्यांनी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले आणि 'अंकुराची वाढ' ही मिनिटभराची फीत तयार केली. काही निवडक लोकांना ती दाखवली आणि त्यातून पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळाले. महिनाभर रोज एक चित्र घेतले, असे या फितीबद्दल लिहिलेले आढळते. मुलांना आम्ही याचे गणित करायला लावले. सेकंदाला १६ चित्रे हा त्या काळचा साधारण वेग धरला, तर महिन्याची ३० चित्रे दोन सेकंदांत संपतील. मिनिटभरासाठी हजाराच्या आसपास चित्रे हवीत. तेव्हा दिवसाला तीसेक चित्रे तरी घेतली गेली असावीत. छापलेल्या वाक्याला असा हिशेब लावून पाहण्याची सवय मुलांना लागली तर बरेच.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात, म्हणजे जवळजवळ ५९,००० चित्रे झाली. कोऱ्या फिल्मला अंधारात भोके पाडणे आणि ती रसायनांत धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके शिकल्या होत्या आणि करत होत्या. तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव घ्यायला आपण फार उशीर केला.

आता कापण्याकडे येऊ. फिल्म कापणे मुळीच अवघड नव्हते. कात्री हवी, कड खरवडायला पाते हवे आणि चिकटवायला द्राव. अवघड होते ते पाहणे. फिल्म उजेडासमोर धरली की दिसते ते एक स्थिर चित्र. दोन तुकडे जोडल्यावर हालचाल जुळते की नाही, हे कळायला फीत यंत्रावर चढवून पडद्यावर पाहावी लागे. दोन चित्रे जास्त झाली असे वाटले की उतरवा, कापा, पुन्हा चढवा. संकलनाच्या पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास आम्हांला याच एका गोष्टीचा इतिहास वाटतो : कापलेले लगेच कसे पाहता येईल?

अमेरिकेत १९२४ साली इवान सेरुरिए यांनी 'मूव्हिओला' हे यंत्र यासाठी पुढे आणले. संकलकाने भिंगातून पाहायचे आणि फीत हवी तशी पुढेमागे चालवायची. नंतर जर्मनीत 'स्टीनबेक'सारखी टेबले आली. फितीच्या चकत्या त्यांवर आडव्या फिरतात आणि समोर छोटा पडदा असतो. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली होती. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या अशा टेबलांवर हात बसवून बाहेर पडल्या.

इथे एक रीत नीट समजून घ्यायला हवी. मूळ निगेटिव्हला संकलक हातच लावत नसे. तिच्यावरून एक स्वस्त, कामचलाऊ प्रत काढत. ती कापायची, चुकली तर पुन्हा जोडायची, तिच्यावर ओरखडे पडले तरी चालायचे. सगळे ठरले की फितीच्या कडेला छापलेले आकडे जुळवून शेवटी एकदाच निगेटिव्ह कापायची.

चुंबकीय फीत आली आणि गंमत अशी की काही बाबतींत आपण मागे गेलो. ॲम्पेक्स कंपनीने १९५६ साली व्हिडिओ फितीचे यंत्र बाजारात आणले. पण या फितीवर डोळ्यांना चित्र दिसतच नाही. त्यामुळे एका यंत्रावर फीत चालवायची आणि हवे ते दुसऱ्यावर उतरवून घ्यायचे, अशी रीत पडली. वीस मिनिटांच्या कार्यक्रमात चौथ्या मिनिटाला दहा सेकंद वाढवायची, तर पुढची सोळा मिनिटे पुन्हा उतरवा. नाहीतर प्रतीची प्रत काढा आणि चित्र फिकट होऊ द्या. पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ साली स्थापन झाली आणि २०१७ साली बंद झाली. तिचे कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी वर्गात दाखवले असतील. सुरुवातीच्या वर्षांत असे कार्यक्रम करणाऱ्यांचा किती वेळ नुसत्या उतरवण्यात गेला असेल, याची कल्पना करावी.

या कटकटीतून सुटण्यासाठी चित्र संगणकाच्या चकतीवर ठेवावे, म्हणजे कुठूनही उचलता येईल, ही कल्पना निघाली. 'सीएमएक्स ६००' हे १९७१ सालचे यंत्र त्यातले पहिले. त्याच्या भल्यामोठ्या चकत्यांवर जेमतेम अर्ध्या तासाचे, तेही कृष्णधवल आणि अस्पष्ट चित्रण मावे. १९८९ साली 'ॲव्हिड' आले, १९९१ साली 'प्रीमिअर'. सुरुवातीला याही ठिकाणी संकलक अस्पष्ट चित्रांवरच काम करत आणि शेवटी मूळ फितीशी जुळवणी होई. कामचलाऊ प्रतीचीच ही जुनी रीत.

कारण आकडेच तसे आहेत. आजच्या फोनवरच्या ४-के चित्रात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला ६०० मेगाबाइटच्या वर मजकूर होतो. एवढा तर फोनमध्ये मावणार नाही. म्हणून तो दाबून, आटवून ठेवतात. चित्राचा प्रत्येक लहान चौकोन थोड्या आकड्यांत सांगण्याचे जे गणित यामागे आहे, ते नासिर अहमद या भारतीय वंशाच्या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७४ साली प्रसिद्ध केले. दुसरी युक्ती आपल्या हजेरीपटासारखी आहे. समजा, पहिल्या तारखेला सगळ्या मुलांची हजेरी लिहिली आणि पुढे रोज 'कालच्याप्रमाणेच, फक्त अमका आज नाही' एवढेच लिहिले. वही वाचेल खरी, पण पंधरा तारखेला कोण हजर होते हे सांगायला एक तारखेपासून वाचत यावे लागेल. फोन चित्रे ठेवतो ती अशीच. मधल्या एका चित्रावर बोट ठेवले की मागचे पूर्ण चित्र शोधायचे आणि तिथून एकेक फरक मांडत यायचे. शाळेचा संगणक धापा टाकत होता तो यापायी. कापणे त्याला जड नव्हते, दाखवणे जड होते.

यात ग्राफिक्सचे काम काय? खेळांतली चित्रे रंगवण्यासाठी वेगळी चिप लागते, हे आधीपासून चालत आले होते. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली आपल्या अशा चिपला 'जीपीयू' म्हणून पुढे आणले. वर्गातल्या एका हुशार मुलाने चाळीस गणिते एकामागून एक करणे वेगळे आणि चाळीस मुलांनी एकेक सोपे गणित एकदम करणे वेगळे. जीपीयू हा दुसरा प्रकार आहे. चित्र थोडे उजळ करायचे तर ८३ लाख ठिपक्यांवर तोच हिशेब करायचा असतो. तिथे ही फौज कामी येते. २००७ पासून ती खेळाबाहेरच्या गणितांनाही सहज जुंपता येऊ लागली आणि संकलनाच्या आज्ञावल्यांनी तिचा फायदा घेतला.

पण फीत उलगडण्याचे, म्हणजे तो हजेरीपट वाचण्याचे, काम ही फौज करत नाही. त्यासाठी चिपच्या एका कोपऱ्यात वेगळे मंडल कोरलेले असते. इंटेलने २०११ पासून ते थेट प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सातही दिले. एकाच पिढीच्या लहान आणि मोठ्या कार्डांत हे मंडल बहुधा सारखेच असते. म्हणजे नुसते कापून जोडायचे असेल, तर मोठ्या कार्डाला मोजलेले जादा पैसे बहुतांशी वाया. रंग बदलणे, थरावर थर चढवणे, चित्रातला खरखरीतपणा काढणे असली कामे रोजची असतील, तरच ते पैसे वसूल होतात. लग्नांचे चित्रण करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे मोठे कार्ड होते, पण त्यांच्या कॅमेऱ्याची जास्त रंगमाहिती असलेली फीत त्या कार्डाच्या मंडलाला वाचताच येत नव्हती. ती त्यांच्या मुलाच्या साध्या लॅपटॉपवर, अंगच्या ग्राफिक्सवर, सुरळीत चालली.

एवढे कळल्यावर आम्ही पुन्हा बर्डीवर गेलो. या वेळी आमच्याच फोनवरचे चित्रण पेनड्राइव्हमध्ये नेले होते. तीन लॅपटॉपांवर ते पुढेमागे सरकवून पाहिले. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने करू दिले.

आणि आता ती हवेची गोष्ट. कार्डाचे नाव एकच असले तरी लॅपटॉप बदलला की त्याला मिळणारी वीज बदलते. २०२३ सालच्या 'आरटीएक्स ४०६०'चेच पाहा. लॅपटॉपमध्ये त्याला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा निर्मात्यांना होती. पातळ लॅपटॉपातून उष्णता बाहेर पडायला जागा नसते, म्हणून तिथे वीज कमी. ही वीज शेवटी उष्णताच होते, आणि चिप तापली की ती जळू नये म्हणून आपला वेग आपणच उतरवते. खापरखेड्याच्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच वीज होते आणि बाकीची बरीचशी त्या रुंद मनोऱ्यांतून हवेत सोडावी लागते, हे त्यांनीच आपल्या फितीत दाखवले आहे. बाहेरची हवा जितकी गरम, तितके हे सोडणे अवघड. दुकानात एसी असतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुकानातली परीक्षा तिथे उपयोगी पडत नाही.

शेवटी आम्ही घेतला तो जाडजूड, वजनदार, मधल्या ताकदीचा लॅपटॉप. स्मृती १६ गिगाबाइट, कार्ड लहानच. जमवलेल्या पैशांत तो बसला आणि वर दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आल्या. शाळेचे जुने संगणक टाकून दिले नाहीत. नव्या लॅपटॉपवर सगळ्या चित्रणाच्या हलक्या, अस्पष्ट प्रती काढायच्या, मुलांनी त्या जुन्या संगणकांवर कापायच्या आणि शेवटी मूळ चित्रणाशी जुळवणी पुन्हा लॅपटॉपवर करायची, अशी घडी बसली. एका वेळी चार गट काम करतात. तो प्रश्न विचारणारी मुलगी सध्या मुगाच्या फितीवर आहे. तिने दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणे चित्रे घेतली आणि पाच दिवसांची मिळून दहा सेकंदांची फीतही होत नाही, हे तिला मोजल्यावर कळले. आता नवे मूग भिजवले आहेत.

एप्रिलपासून शाळा सकाळची होते. तेव्हा जुळवणीचे काम सातला सुरू करतो आणि दहाच्या आत उरकतो.